जीर्णोद्धार जमिनीखालचाही

चैत्र-वैशाखात शिवार करपून जाते. विहिरी तळ गाठतात, बांधावरचे गवतही पिवळे पडते. अशा वेळी एखाद्या पाणंदीच्या कडेला दोन-चार हात रुंदीचा हिरवागार पट्टा दिसतो. हरळी माजलेली असते, माती पायाखाली मऊ लागते, पाखरे तेथे उतरतात. परक्या माणसाला त्या हिरवळीचे कौतुक वाटेल. जाणत्या शेतकऱ्याला मात्र तिचा अर्थ कळतो. तेथे जमिनीखाली सिंचनाची वाहिनी फुटलेली आहे, आणि ती आज फुटलेली नाही. हरळी माजायला दिवस लागतात. तितके दिवस गावातील अनेकांनी ती ओल पाहिली, ओलांडली आणि ते पुढे गेले.

गळती ही तशी क्षुल्लक बाब. वृत्तपत्रांत तिला स्थान नाही, विधिमंडळात तिच्यावर चर्चा होत नाही. परंतु महाराष्ट्राचे सिंचन आता झपाट्याने उघड्या पाटांकडून बंद नलिकांकडे चालले आहे. उद्या शेतीचे पाणी जमिनीखालूनच वाहणार असेल, तर जमिनीखाली काय बिघडले आहे हे पाहणारा आणि ते वेळेवर दुरुस्त करणारा समाज आधी उभा राहिला पाहिजे. अन्यथा हजारो कोटींच्या योजना मातीखाली गाडल्या जातील आणि त्यांच्यावर हरळी माजेल.

गळतीचा हिशेब

वाहिनीत चार किलोचा दाब आहे, म्हणजे पाणी चाळीस मीटर उंच चढवता येईल एवढा जोर आहे, असे धरू. अशा वाहिनीला दहा मिलिमीटर व्यासाचे, करंगळीच्या टोकाएवढे भोक पडले, तर त्यातून सेकंदाला लिटरभराहून अधिक पाणी निघून जाते. पंप आठ तास चालला तर एका दिवसात किमान २८,८०० लिटर पाणी मातीत जिरते. डाळिंबाच्या एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी धरले, तर हे सातशे झाडांचे पाणी झाले. एका भोकातून, एका दिवसात!

यात विजेचा हिशेब धरलेला नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी भागात नेले जाते. नदीकाठच्या सहकारी उपसा सिंचन संस्थांचे कामही याच तत्त्वावर चालते. तेथे पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बळावर डोंगर चढलेला असतो. असे पाणी वाटेत गळाले, तर त्याबरोबर वीजही गळते आणि ती वीज भरणाऱ्या शेतकऱ्याचा घामही गळतो. थकलेली वीजबिले आणि थकलेली कर्जे यांनी राज्यातील अनेक उपसा संस्था बंद पाडल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बंद पडलेल्या संस्थांच्या वाहिन्या आजही शेतांखाली निरुपयोगी पडून आहेत.

शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी

गळतीचे पाणी नेमके कोणाच्या वाट्याचे असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वाहिनी फुटली तरी मुखापाशी असलेल्याच्या शेतात पाणी पोहोचतेच. दाब कमी झाला तर तो आपली चावी जरा अधिक वेळ उघडी ठेवतो. मधल्या शेतकऱ्याची कुरकुर सुरू होते. पण त्याचेही पीक कसेबसे निघते. पुच्छाशी असलेल्याच्या चावीतून मात्र पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसते. म्हणजे गळती कोठेही असो, ती शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्यातूनच वजा होते. पाणीपट्टी मात्र त्याच्याकडूनही तेवढीच घेतली जाते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या उत्थानावरून राष्ट्राच्या प्रगतीचे माप घ्यावे, हा त्यातील आशय. सिंचनाच्या व्यवस्थेत हा शेवटचा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही; वाहिनीच्या टोकाला जाऊन उभे राहिले की तो भेटतो. त्याची चावी भरून वाहते की कोरडी आहे, एवढे पाहिले तरी त्या गावातील सहकार, समरसता आणि न्याय यांची परीक्षा होते. व्यासपीठावरून अंत्योदयाची भाषा बोलणाऱ्यांनी कधीतरी ही परीक्षा अवश्य घ्यावी.

दुरुस्ती का होत नाही?

गळती न काढण्याची कारणे तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक आहेत. पहिले कारण असे की वाहिनी सामाईक असते. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्ती येथे मुळाशी आहे. दुसरे कारण म्हणजे फुटलेली जागा पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतात असते. तेथे ऊस किंवा सोयाबीन उभे असते, खड्डा खणायचा तर पिकाची नासाडी होते, आणि भरपाई कोणी द्यायची हे ठरलेले नसते. शेताचा मालक अडवतो. त्याचीही काही अंशी बाजू असते. तिसरे कारण, वाहिनी कोठून गेली आहे याचा नकाशाच नसतो. ज्याने ती टाकली तो ठेकेदार निघून गेला, ज्याच्या देखत टाकली तो वृद्ध वारला. आता नांगराचा फाळ किंवा जेसीबीचे खोरे लागेल तेव्हाच तिचा ठावठिकाणा कळायचा.

कायदा याबाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४९ अन्वये दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची परवानगी तहसीलदाराकडून मिळू शकते. भूमिगत नळ जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान अर्धा मीटर खोल आणि शक्यतो सरळ रेषेत असावेत, जमीनधारकाला भरपाई मिळावी आणि ज्याने वाहिनी नेली त्याने ती सुस्थितीत राखावी, हा त्या तरतुदीचा आशय आहे. हक्काबरोबर दुरुस्तीचे कर्तव्य कायद्यानेच जोडलेले आहे. व्यवहारात हक्काची आठवण राहते. कर्तव्याची राहत नाही.

चौथे कारण सर्वांत खोलवरचे आहे. नव्या कामाला नारळ फुटतो, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. गळती काढणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. चिखलाने माखलेला फिटर खड्ड्यातून बाहेर येतो तेव्हा तेथे हार घालायला कोणी थांबलेले नसते. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही त्या कामाकडे पैसा वळत नाही आणि तरुणही वळत नाहीत.

परंपरेची शिकवण

भारतीय परंपरेची दृष्टी अशी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जलाशय आणि बंधारे यांच्यासाठी करमाफीची तरतूद आहे. नवे बांधकाम करणाऱ्यास पाच वर्षे, पडक्या व सोडून दिलेल्या जलाशयाची दुरुस्ती करणाऱ्यास चार वर्षे आणि झाडोरा माजलेला जलाशय साफ करणाऱ्यास तीन वर्षे. नव्या बांधकामाला पाच आणि जुन्याच्या दुरुस्तीला चार! राज्यकर्त्याच्या लेखी या दोन कामांत अंतर होते ते एवढेच. पाच वर्षे जलाशय न वापरता पडू दिला, तर, आपत्तीचा काळ वगळता, त्यावरील स्वामित्व संपुष्टात येते, असेही कौटिल्य सांगतो. मालकी ही देखभालीच्या बदल्यात मिळालेली वस्तू आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत दगडी नळ आणला गेला. ते पाणी शहराच्या वापराचे होते, शेतीचे नव्हे. पण त्या बांधणीतून आजच्या सिंचन अभियंत्यालाही शिकता येईल. त्या नळावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवलेले आहेत. हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून पाहणी व सफाई करता यावी, ही त्यांची योजना. वाहिनी बांधणाऱ्याने ती बांधतानाच तिच्या दुरुस्तीचा विचार केला होता. आज अनेक ठिकाणी शेकडो मीटर लांबीची वाहिनी एकही तपासणीचा खड्डा किंवा मधली चावी न ठेवता बुजवली जाते. आधुनिकतेचा अभिमान बाळगताना ही तुलना डोळ्यांआड करता येणार नाही.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आज केवळ मंदिरांपुरता उरला आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव घेतले की काशीविश्वेश्वराच्या मंदिराचे पुनर्निर्माण आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अहिल्यादेवींनी विहिरी, बारवा आणि घाट यांच्यासाठीही तितक्याच श्रद्धेने खर्च केला. देवाचे काम आणि पाण्याचे काम त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हते. त्यांच्या जन्माला २०२५ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने झालेल्या उत्सवांची आठवण ताजी असतानाच, गावाखालची फुटकी वाहिनी दुरुस्त करणे हाही जीर्णोद्धारच आहे, हा संस्कार घराघरांत रुजायला हवा.

खड्ड्यातील शास्त्र

गळती काढणे हे अडाण्याचे काम आहे, असा एक गैरसमज सुशिक्षितांत आढळतो. वस्तुतः त्याला शास्त्र आहे आणि शिस्तही आहे. प्रथम गळतीची जागा नक्की करावी लागते. पाणी उताराने वाहत जाऊन भलतीकडेच वर येते. त्यामुळे ओल दिसते तेथेच फूट असेल असे नाही. मधल्या चाव्या क्रमाने बंद करून दाबमापकाचा काटा कोणत्या टप्प्यात उतरतो ते पाहिले, की शोधाचे क्षेत्र आखडते. मुखाशी पाण्याचे मोजमाप आणि टोकाशी मोजमाप, यांतील तफावत तर सरळच बोलते. मोजमाप नसेल तेथे सारा अंदाजाचा कारभार चालतो.

त्यानंतर खड्डा. नळाच्या दोन्ही बाजूंना माणसाला बसून काम करता येईल एवढा तो रुंद हवा आणि आतील पाणी पूर्ण उपसलेले हवे. पीव्हीसी नळ असेल तर फुटलेला तुकडा सरळ रेषेत कापून काढावा, टोके घासून स्वच्छ आणि कोरडी करावीत, दोन्ही बाजूंना कपलर घालून नवा तुकडा बसवावा आणि जोडाचे द्रावण पक्के होईपर्यंत, पूर्ण दाबासाठी साधारण एक दिवस, धीर धरावा. एवढा धीर कोणाला नसतो. पाण्याची पाळी निघून जात असते. म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळली जाते, किंवा नळाचे टोक जाळावर तापवून फुगवून दुसऱ्यात ठोकले जाते. ती रात्र निभावते. पण तापवलेला नळ त्याच जागी कमकुवत होतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा खड्डा खणावा लागतो.

वाहिनी का फुटली, हे शोधल्याविना दुरुस्ती पूर्ण होत नाही. नळाखाली दगड राहिला असेल तर तो टोचतो. म्हणून खाली आणि भोवती बारीक माती किंवा वाळू हवी. वळणावर काँक्रीटचा ठोकळा नसेल तर पाण्याच्या रेट्याने जोड निसटतो. हवेची झडप गंजून अडकली असेल तर कोंडलेली हवा घात करते. आणि सर्वांत मोठा घात विजेचा. शेतीची वीज पाळीने येते, अनेकदा रात्री येते. ऑटो स्विचवर पंप आपोआप सुरू होतो, रिकाम्या वाहिनीत पाणी वेगाने घुसते. मध्येच वीज जाते आणि चढलेले पाणी माघारी फिरून नळावर हातोड्यासारखे आदळते. त्या वेळी शिवारात कोणी नसते. चाव्या हळूहळू उघडणे, वाहिनी सावकाश भरणे, उलट वाहू न देणारी झडप चालू ठेवणे हे साधे नियम आहेत. ते पाळणारा जबाबदार माणूस नेमलेला असावा लागतो.

समाजाने चालवलेली व्यवस्था

असा माणूस महाराष्ट्राला नवा नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि परिसरातील नद्यांवर शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांची स्वतंत्र योजना होती. पाटाची सफाई आणि डागडुजी ही लाभधारकांनी मिळून करण्याची गोष्ट होती. तेथे सरकारी आदेशाची वाट पाहिली जात नसे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हेच तत्त्व नव्या काळात आणले. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या प्रमाणात, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, उसाला मनाई आणि खर्चात शेतकऱ्याचा स्वतःचा वाटा, अशी त्याची शिस्त होती.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे उदाहरण याहून बोलके आहे. समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझर परिसरात १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. ओझरचा भाग कालव्याच्या पुच्छाशी होता, म्हणजे ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनीच व्यवस्था हाती घेतली. पुढे संपूर्ण प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि मोजून पाणी घेणे, मोजून देणे हा तेथील रिवाज बनला. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात संस्थेच्या कारभारात मुख, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले. कायदा चांगला आहे. परंतु कागदावर नोंदलेली संस्था आणि पहाटे वाहिनीवर फेरी मारणारी संस्था यांत अंतर आहे, आणि ते अंतर कायद्याने भरून निघत नाही.

हस्तांतरणापूर्वी

केंद्रीय जल आयोगाने २०१७ मध्ये नलिका-सिंचनाच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेअंतर्गत लाभक्षेत्राच्या आधुनिकीकरणाची १,६०० कोटी रुपयांची उपयोजना मंजूर केली. जलस्रोतापासून एक हेक्टरच्या शेतापर्यंत दाबयुक्त भूमिगत वाहिन्या नेणे आणि नंतर त्यांचे व्यवस्थापन पाणीवापर संस्थांकडे सोपवून, विद्यमान आर्थिक संस्थांशी जोडून घेण्यासाठी पाच वर्षे त्यांना साहाय्य करणे, अशी तिची कल्पना आहे. दिशा निश्चितच स्वागतार्ह आहे. उघड्या पाटातील बाष्पीभवन आणि झिरपा वाचेल, भूसंपादनाचा प्रश्न हलका होईल, ठिबकला दाब मिळेल.

पण पाचव्या वर्षानंतर काय, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. शेतकऱ्याची एक तक्रार येथे प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. निकृष्ट काम करून ठेकेदाराने बिल उचलायचे आणि गळकी वाहिनी ‘लोकसहभाग’ या गोंडस नावाखाली शेतकऱ्याच्या गळ्यात मारायची, असे होणार असेल तर ते हस्तांतरण नव्हे, जबाबदारी झटकणे आहे. म्हणून वाहिनी बुजवण्यापूर्वी लाभधारकांच्या देखत दाबचाचणी व्हावी, खोली मोजली जावी, नकाशा आणि चाव्यांच्या जागा संस्थेच्या दप्तरात व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागाव्यात. या अटी पुऱ्या झाल्याविना संस्थेने ताबा घेऊ नये.

ताबा घेतल्यावर मात्र सबब चालणार नाही. पहिल्या पाळीपासून पाणीपट्टीतील ठरावीक भाग दुरुस्ती निधीत वेगळा काढावा आणि त्याला इतर खर्चासाठी हात लावू नये. प्रत्येक आकाराचे नळाचे दोन-चार तुकडे, कपलर आणि चाव्या गावातच शिल्लक ठेवाव्यात. उभ्या पिकात खणावे लागल्यास भरपाई किती, हे भांडण होण्यापूर्वीच ठरवावे. गावातील दोन तरुणांना, शक्य तेथे तरुणींनाही, जोडकामाचे आणि पंपाचे प्रशिक्षण देऊन सन्माननीय मानधन द्यावे. शहराकडे पाहणाऱ्या हातांना गावातच हा रोजगार आहे. आणि गळतीची तक्रार पुच्छाकडून आली, तर ती आधी ऐकावी.

राज्य ही समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक संस्था आहे, समाजाचे सर्वस्व नव्हे, असे दीनदयाळजींनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शनाची मांडणी करताना सांगितले. सिंचनाइतके याचे प्रत्यंतर क्वचितच अन्यत्र मिळेल. शासन नळ टाकू शकते. मध्यरात्री फुटलेल्या जोडापाशी कंदील घेऊन कोणी उभे राहावे, हे शासनाला ठरवता येत नाही. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पुढे आलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरण, समरसता आणि नागरी कर्तव्य यांचा समावेश आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांना या तिन्हींचा एकत्र आचार करायचा असेल, तर रब्बी हंगामापूर्वी एक दिवस लाभधारकांसह मुखापासून पुच्छापर्यंत वाहिनीवरून चालत जावे, प्रत्येक चावी उघडून पाहावी, ओल दिसेल तेथे खूण करावी. मोठमोठ्या परिसंवादांपेक्षा ही एक फेरी अधिक शिकवून जाईल. भारतीय किसान संघासारख्या संघटनांनी दुरुस्ती निधीचा आग्रह आपल्या मागण्यांत धरला, तर शासनालाही त्याची दखल घ्यावी लागेल.

येत्या वर्षी पाणीवापर संस्थांच्या वार्षिक सभा भरतील. अहवाल वाचले जातील, अध्यक्षांचे आभार मानले जातील. त्या सभेत एक विषय सर्वांत वरती असावा: गेल्या वर्षी किती गळत्या सापडल्या, किती काढल्या आणि त्या काढणाऱ्यांची नावे कोणती. ती नावे मोठ्याने वाचली जावीत, आणि पहिला सत्कार त्यांचा व्हावा.